पडद्यावरचा लाल रंग

भिंतीतून आडवी बाहेर आलेली एक पोलादी पट्टी घ्या. लांबी 100 मिलिमीटर, रुंदी 20, जाडी 5. एक टोक भिंतीत पक्कं बसवलेलं, दुसऱ्या टोकाला 10 किलोचं वजन टांगलेलं. पट्टी किती वाकेल? तुटेल का? यासाठी संगणक लागत नाही. पाठकोऱ्या कागदावर चार ओळींत उत्तर निघतं. टोक सुमारे 0.8 मिलिमीटर खाली जाईल आणि भिंतीलगत पट्टीच्या वरच्या अंगाला दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे 120 न्यूटन इतका ताण येईल. बांधकामात वापरतात ते साधं पोलाद 250 न्यूटनच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे पट्टी टिकेल, आणि चांगली दुप्पट ताकद हाताशी राखून टिकेल. आता पैसे वाचवायला कुणी जाडी निम्मी केली, तर ताण चौपट होतो आणि वाक आठपट. मग ती पट्टी गेलीच म्हणून समजा.

गॅलिलिओनं 1638 साली छापलेल्या पुस्तकात नेमका हाच प्रश्न घेतला होता. भिंतीतून बाहेर आलेली तुळई, टोकाला ओझं. त्याचं उत्तर तिपटीनं चुकलं. तुळई खरोखर पेलेल त्याच्या तिप्पट ओझं पेलेल, असं त्याचं गणित सांगत होतं. बरोबर उत्तर सगळ्यांच्या हाती यायला अठरावं शतक सरत आलं. आज ते डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला तोंडपाठ असतं.

अडचण सुरू होते ती पट्टीला भोक पडल्यावर. मग तिला एका बाजूनं काटकोनात वाकवलं, मध्ये एक रिब दिली, कोपरा कापला, की सूत्र संपलं. मोटारसायकलच्या इंजिनाला चेसीशी जोडणारी साधी ब्रॅकेट घेतली तरी तिच्यासाठी कुठल्याही पुस्तकात सूत्र सापडणार नाही. आणि यंत्रांतले जवळजवळ सगळे भाग असेच आडव्यातिडव्या आकाराचे असतात. मग जुन्या पिढीचे डिझायनर काय करत? मनातल्या मनात त्या भागाला पट्टी, नळी, चकती असं काहीतरी मानत, गणित करत, आलेल्या उत्तरावर ‘सुरक्षितता गुणांक’ म्हणून चार-पाचपट धातू चढवत. जुनी लेथ मशिनं इतकी जड का असतात, त्याचं एक कारण हेही आहे.

यावर निघालेला तोडगा ऐकायला सोपा आहे. आख्ख्या भागाचं सूत्र मिळत नसेल, तर त्याचे हजारो बारीक तुकडे करा. तुकडा पुरेसा छोटा असला की त्याच्यापुरता हिशेब सोपा होतो. तो जवळजवळ एका स्प्रिंगसारखा वागतो: इतकं ओढलं तर इतका ताणला जाईल. शेजारचे तुकडे कोपऱ्यांत एकमेकांना जोडलेले असतात. एक कोपरा हलला की त्याला धरून असलेले सगळे तुकडे हलतात. प्रत्येक कोपरा तीन दिशांना किती सरकेल, या तीन संख्या आपल्याला हव्या. एक लाख कोपरे असतील तर तीन लाख अज्ञात संख्या, आणि तेवढीच समीकरणं. माणसाला हे आयुष्यभरात सुटणार नाही. साध्या लॅपटॉपला काही मिनिटं पुरतात.

या रीतीला इंग्रजीत ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणतात, आपल्याकडच्या कंपन्यांतही सर्रास ‘एफईए’. गणिती रिचर्ड कुरांटच्या 1943च्या एका लेखात तिचं बीज आहे, पण ती रुजली विमानांच्या कारखान्यात. जेट विमानांचे पंख मागे वळलेले आणि त्रिकोणी होऊ लागले, तशी जुनी तुळईची गणितं त्यांना लागू पडेनात. बोइंगमधले टर्नर आणि टॉप, वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्टिन आणि बर्कलीचे प्राध्यापक रे क्लफ यांनी पंखाची कातडी त्रिकोणी तुकड्यांत वाटून हिशेब केला आणि तो लेख 1956 साली प्रसिद्ध झाला. नाव क्लफनं 1960 साली दिलं. त्याच दशकात नासानं आपल्या यानांसाठी ‘नॅस्ट्रॅन’ ही मोठी प्रणाली लिहून घेतली. तिचे वंशज आजही विकले जातात.

चित्र काढणारा संगणक याच सुमारास वेगळ्या वाटेनं येत होता. एमआयटीत आयव्हन सदरलँडनं पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ लिहिला. प्रबंध 1963चा. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघा ओढायच्या आणि ‘या दोन रेघा समांतर राहतील’, ‘ही लांबी बदलणार नाही’ अशा अटी घालायच्या. आजच्या प्रत्येक कॅड (संगणकावर डिझाइन करण्याच्या) सॉफ्टवेअरचा हा पणजोबा. पण त्या प्रबंधातली उदाहरणं मला जास्त आवडतात. एकात दांड्यांची जोडणी आहे: एक दांडी हलवली की बाकीच्या आपापल्या अटी पाळत हलतात. दुसऱ्यात पूल आहे, त्यावर भार ठेवला की प्रत्येक दांडीत किती बल आलं ते आकड्यात दिसतं. हालचाल आणि ताण, दोन्ही पहिल्याच कॅडमध्ये होते. मधली कित्येक वर्षं मात्र चित्र काढणारे एका खोलीत आणि ताण मोजणारे दुसऱ्या खोलीत बसत राहिले. एकानं काढलेला आकार दुसऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. आता चित्राच्याच खिडकीत ताण मोजायचं एक बटण आहे. ते दाबलं की करडा भाग निळा, हिरवा, पिवळा, लाल होऊन समोर येतो.

हे रंगीत चित्र फार देखणं असतं, आणि घात तिथंच होतो. मीटिंगमध्ये ते पडद्यावर आलं की सगळ्यांची नजर लाल ठिपक्यावर जाते आणि कुणीतरी म्हणतं, ‘‘इथं फेल होतंय.’’ प्रत्यक्षात सॉफ्टवेअर फक्त इतकंच करतं: सापडलेल्या सर्वांत मोठ्या ताणाला लाल रंग, सर्वांत छोट्याला निळा. सर्वांत मोठा ताण पोलादाच्या ताकदीच्या शंभराव्या हिश्शाइतका असला तरी लाल ठिपका दिसणारच. उलट, भाग मोडायला आला असेल तरी त्याचा बराचसा हिस्सा शांत निळा दिसेल. रंगाशेजारची आकड्यांची पट्टी वाचल्याशिवाय त्या चित्राला काही अर्थ नाही. वाकलेल्या आकाराचंही तेच. अर्ध्या मिलिमीटरचा वाक डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून सॉफ्टवेअर तो शंभर-दोनशे पट फुगवून दाखवतं. नवा माणूस ते पाहून हबकतो: ब्रॅकेट तर केळीच्या पानासारखी दुमडली! जुना माणूस आधी कोपऱ्यातला गुणक शोधतो.

आता मघाची पट्टी याच सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहा. उत्तर ठाऊक असल्यानं ती चांगली परीक्षा आहे. जाडीच्या दिशेनं एकच थर येईल असे मोठे, चार कोपऱ्यांचे साधे तुकडे घेतले तर संगणक पट्टीला आहे त्यापेक्षा बरीच ताठ ठरवतो. वाक 0.8पेक्षा कितीतरी कमी येतो आणि ताणही कमी. कारण असा तुकडा वाकू शकत नाही, फक्त ताणला किंवा दाबला जाऊ शकतो. वाकणाऱ्या वस्तूचं गणित न वाकणाऱ्या तुकड्यांनी केल्यावर दुसरं काय होणार? तुकड्यांच्या कडांवर मध्ये एकेक बिंदू वाढवला, म्हणजे दहा बिंदूंचे तुकडे घेतले, की उत्तर झपाट्यानं जागेवर येतं. म्हणून जाणकार आधी मोठ्या तुकड्यांनी, मग बारीक, मग आणखी बारीक अशी उत्तरं काढून पाहतात. आकडा स्थिरावला की त्यावर भरवसा ठेवतात.

पण एक जागा अशी आहे की जिथं तो कधीच स्थिरावत नाही. आतल्या बाजूचा टोकदार काटकोन, जिथं पट्टी भिंतीला मिळते किंवा जाड दांडा एकदम बारीक होतो. तिथं तुकड्यांची जाळी, म्हणजे मेश, जितकी बारीक कराल तितका ताण वाढत जातो. 300, 450, 700, काही मर्यादाच नाही. हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. कोपरा शून्य गोलाईचा मानला आणि धातू कितीही ताण आला तरी स्प्रिंगसारखाच वागेल असं धरलं, तर तिथला ताण गणितानंच अनंत आहे. खऱ्या धातूत शून्य गोलाई नसते, हत्यारानं थोडं तरी वळण सोडलेलं असतं, आणि तेवढ्यात धातू किंचित चेपून भार वाटून घेतो. डिझायनरनं चित्र सोपं करायला ती गोलाई पुसली आणि संगणकानं त्याला अनंताकडे धाडलं. पण हे उत्तर ‘गणितातला खोटेपणा’ म्हणून झटकून टाकणंही परवडत नाही. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरनं मोडलेल्या आसांचा अभ्यास मांडला. तडा सुरू होत होता तो दांडा एकदम बारीक होतो त्या खांद्यावर. तिथं मोठी गोलाई द्या, असं त्यानं सांगितलं. आज वर्कशॉपमधल्या प्रत्येक ड्रॉइंगवर दिसणारी ‘आर 2’, ‘आर 5’ अशी नोंद तीच.

मेशकडे दुर्लक्ष किती महाग पडू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण नॉर्वेत घडलं. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रासाठी 82 मीटर खोल पाण्यात तळावर बसेल असा काँक्रीटचा पाया बांधला जात होता. 24 पोकळ कप्पे, तळाचं क्षेत्रफळ 16,000 चौरस मीटर. त्यांतले चार कप्पे वर वाढवून त्यांच्यावर 57,000 टनांचा डेक बसवायचा होता. तीन गोल कप्पे एकत्र येतात तिथं मध्ये तिकोनी पोकळी उरते. ती वरून समुद्राला उघडी, म्हणजे पायाला जितकं खाली बुडवावं तितका तिच्या भिंतींवर पाण्याचा दाब जास्त.

23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये हा पाया मुद्दाम भरपूर खोल बुडवून पाहिला जात होता. तिकोनी पोकळीतलं पाणी 65 मीटर उंचीचा दाब देत असताना मोठा आवाज झाला आणि एका भिंतीतून पाणी आत घुसलं. पंप पुरे पडेनात. माणसं सुखरूप उतरली आणि काही मिनिटांतच सगळा पाया बुडाला. खाली जाताना उरलेले कप्पे दाबानं आत चिरडले गेले. 220 मीटर खोल तळावर ढिगारा आदळला तो धक्का भूकंपमापकांवर 3 रिश्टरचा नोंदला गेला. नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचं.

चौकशीत निघालेलं कारण समजून घेण्यासारखं आहे. ताणाचं गणित नॅस्ट्रॅननं केलं होतं, आणि नॅस्ट्रॅन बरोबर होती. पण त्या तिकोनी पोकळीच्या भिंतींवर तुकडे फार थोडे आणि तिरपे, वेडेवाकडे घेतलेले होते. भिंतीला कापू पाहणारा जो ताण टोकाशी सर्वांत जास्त असतो, तो या तुकड्यांनी 47 टक्के कमी दाखवला. त्या आकड्यावर विसंबून भिंत पातळ ठेवली गेली. कोपऱ्यात टाकलेल्या टी-डोक्याच्या सळ्याही हव्या तितक्या लांब नव्हत्या. नंतर नीट मेश घेऊन पुन्हा हिशेब केला तेव्हा भिंत 62 मीटरला फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती 65ला फुटली. म्हणजे तेच तंत्र, तीच भिंत. मेश बदलली आणि अपघात तीन मीटरच्या फरकानं आधीच कळला असता.

नवा पाया घाईनं हवा होता, कारण गॅस पुरवण्याचे करार झालेले होते. नव्या डिझाइनची सुरुवात संगणक येण्याआधीच्या, हातानं करायच्या रीतींनी झाली, संगणकाचे आकडे नंतर त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. 1993 साली तो पाया समुद्रात उभा राहिला. त्या भिंतीचा एक आडवा छेद तुळई समजून हातानं गणित केलं असतं, तरी पहिल्याच वेळी शंका यायला हवी होती. पाठकोरा कागद इथं कामाला येतो.

ताणाचा हिशेब करायला आधी बल माहीत हवं. उभ्या वस्तूवरचं ओझं मोजता येतं, पण फिरत्या यंत्रात बल येतं कुठून? बऱ्याचदा त्या यंत्राच्या स्वतःच्या हालचालीतून. शंभर सीसीच्या मोटारसायकलचं इंजिन घ्या. पिस्टनची धाव साधारण 50 मिलिमीटर, मिनिटाला 8,000 फेरे. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो, थांबतो आणि उलटा फिरतो, सेकंदाला 133 वेळा. त्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 2,200 पट होतं. पिस्टन, त्याची पिन आणि रिंगा मिळून 100 ग्रॅम धरल्या, तर तो आपल्या कनेक्टिंग रॉडला सव्वादोनशे किलोच्या ओझ्याइतकं ओढतो. खालच्या टोकाला हेच बल उलट दिशेनं, सुमारे 130 किलोचं. दोन्ही सारखी नसतात, कारण रॉडची लांबी मर्यादित असते आणि ती वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टनला जास्त झपाट्यानं वळवते. वेग दुप्पट झाला की बल चौपट. इंजिनाला ताशी 4,80,000 फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात एक ओढ, एक दाब. साधारण दोन तासांत दहा लाख.

म्हणून अशा भागाला ‘किती वजन पेलेल’ विचारून भागत नाही. एका झटक्यात जे सहज सोसतं ते दहा लाख झटक्यांनी तडकू शकतं. कॅडच्या मोशन भागात सगळे भाग जोडून क्रँक फिरवला की प्रत्येक अंशावर प्रत्येक सांध्यातलं बल निघतं. त्यातला सर्वांत वाईट क्षण पकडून ते बल ताणाच्या हिशेबात घालायचं. सर्वांत वाईट क्षण कोणता, हे मात्र भागाभागाला वेगळं असतं. रॉडच्या मधल्या दांड्याला स्फोटाचा दाब वाईट. रॉडचं क्रँककडचं मोठं टोक बोल्टांनी जोडलेलं असेल, तर त्या बोल्टांना पिस्टन वरच्या टोकाला असतानाची ओढ वाईट. आणि ही ओढ सर्वांत जास्त तेव्हा असते जेव्हा सिलिंडरमध्ये स्फोट होतच नाही, जळका धूर बाहेर टाकताना. ज्यानं फक्त स्फोटाचा आकडा घातला, त्याचे बोल्ट चित्रात निळे दिसतील.

हालचालीच्या गणिताला स्वतःचीही एक खोड आहे. ती कळायला घराचं दार पुरे. मोकळं दार सहा प्रकारे हलू शकतं: तीन दिशांना सरकेल, तीन अक्षांभोवती फिरेल. एक बिजागरी त्यातल्या पाच हालचाली बंद करते, फक्त फिरणं ठेवते. दुसरी बिजागरी आणखी पाच बंद करते. सहातून दहा वजा, उणे चार. हिशेबानुसार दार जाम व्हायला हवं. तरी ते उघडतं, कारण दोन्ही बिजागऱ्या एकाच उभ्या रेषेत असतात आणि दुसरीनं घातलेल्या अटी पहिलीनं आधीच घातल्या होत्या. सॉफ्टवेअर हे ओळखतं आणि जास्तीच्या अटी गुपचूप काढून टाकतं. कोणत्या काढायच्या ते तेच ठरवतं. मग रिपोर्टमध्ये येतं: वरच्या बिजागरीवर दाराचं सगळं वजन, खालच्या बिजागरीवर शून्य. किंवा उलट. दोन्ही उत्तरं गणिताला मान्य आहेत. वजन दोघींत कसं वाटलं जाईल हे दार, चौकट आणि बिजागरी किती लवचीक आहेत यावर अवलंबून असतं, आणि आपण तर सगळं अगदी ताठ मानलं होतं. सुताराला विचारलं तर तो सांगेल, जी बिजागरी आधी घट्ट बसली तिच्यावर भार. त्याचं उत्तर जास्त खरं आहे.

‘पक्कं बसवलेलं’ हे शब्द मी सुरुवातीच्या पट्टीसाठीही वापरले. सॉफ्टवेअरमध्ये ते एका क्लिकचं काम: पृष्ठभाग निवडा, ‘फिक्स’ म्हणा. आता ती भिंत जगातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ताठ झाली. खरी भिंत, खरी प्लेट, खरे बोल्ट किंचित सरकतात, उचकटतात, त्यांच्याखालचा रंगसुद्धा दबतो. जिथं डिझायनर बेफिकीरपणे ‘फिक्स’ म्हणतो, तिथंच बहुतेक वेळा भाग तुटतो, कारण त्या जागेविषयी आपण संगणकाला काही विचारलेलंच नसतं.

शेवटी पत्रा, धातू, रस्ता यांच्यापुढे जावंच लागतं. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथं आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वाहनांचे भाग हलवून, ठोकून, तासन्‌तास थरथरवून तपासले जातात. भागाला चिकटवलेली नखाएवढी स्ट्रेन गेज ताणली गेली की तिचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून त्या नेमक्या जागेचा ताण कळतो. मेशचं उत्तर आणि गेजचं उत्तर जुळत नसेल तेव्हा दोघांचीही झडती घ्यायची. अनेकदा गेज चुकीच्या कोनात चिकटवलेली असते.

अलीकडे सॉफ्टवेअर स्वतःच आकार सुचवू लागलंय. मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांच्या 1988च्या कामापासून सुरू झालेली ही रीत अशी: धातूचा ठोकळा द्या, कुठं धरलंय आणि कुठं भार पडतो ते सांगा, आणि जिथं ताण येत नाही तिथला धातू ते खरवडून टाकत जातं. उरतो तो हाडासारखा, जाळीदार, हलका भाग. दिसायला इतका नैसर्गिक की कुणालाही तो बरोबर वाटावा. मोटारसायकलच्या फूटरेस्टची ब्रॅकेट अशी करून पाहा. चालवणाऱ्याचं वजन सांगितलं, खड्ड्यातला दणका सांगितला, उत्तर सुंदर आलं. पण गाडी चिखलात आडवी पडते तेव्हा सगळा भार फूटरेस्टच्या टोकावर बाजूनं येतो. तो कुणी सांगितला नव्हता. त्या दिशेनं भार पेलणारा धातू सॉफ्टवेअरनं सर्वांत आधी काढून टाकलेला असतो.